वीस लिटरची बादली आणि अडीच हजारांची टाकी

नाशिकजवळच्या एका वायनरीत माझा पहिला हंगाम. मायक्रोबायोलॉजीची पदवी नुकतीच मिळालेली, त्यामुळे यीस्ट आपल्याला कळतं हा भ्रम अगदी ताजा होता.

फेब्रुवारीत शिराझची पहिली थोडी द्राक्षं आली. कोणतं यीस्ट वापरायचं ते ठरवायला मी 20 लिटरच्या बादलीत चाचणी लावली. रात्री चांगलाच गारठा असायचा; बादली 24 अंशांच्या वर गेली नाही. रोज दोनदा वर आलेल्या साली दाबत होते. नवव्या दिवशी साखर संपली आणि वास असा, की मी सगळ्यांना बोलावून बोलावून हुंगायला लावला.

मग मोठी तोडणी आली, ब्रिक्स 24, म्हणजे रसात वजनाने साधारण 24 टक्के साखर. तेच यीस्ट, तेच प्रमाण (100 लिटरला 25 ग्रॅम), फक्त आता 2,500 लिटर. तळघरातल्या मामांनी विचारलं, "टाकीभोवतीच्या जॅकेटात थंड पाणी सोडू का?" मी म्हटलं, "नको, बादलीत कुठे तापलं होतं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा म्हणाले, "ताई, टाकीला जरा हात लावून बघा." खालचा तापमापक 30 दाखवत होता. वरच्या सालींच्या थरात लांब तापमापक खुपसला तर 37! धावपळ करून थंड पाणी सोडलं, पण यीस्टने मान टाकली होती. साखर मोजायचा हायड्रोमीटर 4 ब्रिक्सवर अडकला तो तीन दिवस हलला नाही.

त्या रात्री वहीत हिशेब मांडला, जो आधी मांडायला हवा होता. साखरेची दारू होताना उष्णता निघते. ती बाहेर पडलीच नाही तर एका ब्रिक्समागे रस साधारण 1.3 अंशाने तापतो, म्हणजे 24 ब्रिक्सला तीस अंशांहून जास्त. बादलीतली उष्णता भिंतींतून निघून जाते. टाकी बादलीच्याच घडणीची, फक्त मोठी धरली, तर रस 125 पट, पण भिंतीचं क्षेत्रफळ फक्त 25 पट. दर लिटरच्या वाट्याला थंड व्हायला पाचपट कमी जागा. आमच्या गावी थंडीत गोठ्यामागचा उकिरडा पहाटे वाफाळलेला असतो, आणि त्यातलंच पाटीभर शेण बाजूला पडलं तर गार. हे मी लहानपणापासून पाहत आले होते!

अडकलेली वाईन सुरू करणं म्हणजे आजाऱ्याला पेज भरवण्यासारखं. जवळजवळ साडेअकरा टक्के अल्कोहोलात नवं यीस्ट थेट टाकलं तर तेही मरतं. आधी वाईन सालींवरून काढून दुसऱ्या टाकीत घेतली. दारू सोसणारं यीस्ट कोमट पाण्यात भिजवलं, त्याला थोडा रस, थोडी वाईन. ते फसफसू लागलं की तेवढीच वाईन आणखी. 20 लिटरचे 40, चाळीसाचे 80, असं दुप्पट करत मोठ्या टाकीपर्यंत. गंमत बघा, सुरुवात पुन्हा त्याच बादलीपासून. मध्ये एकदा सडक्या अंड्यासारखा वास आला, पण हवा देत वाईन फिरवल्यावर निवळला. ती कोरडी व्हायला, म्हणजे उरलेली साखर संपायला, अकरा दिवस लागले. बादलीतला तो सुगंध मात्र गेला तो गेलाच. ही वाईन शेवटी दुसऱ्या शिराझमध्ये मिसळावी लागली.

पुढच्या वर्षी चाचणीची बादली मी आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळली. उष्णता आत कोंडली की छोटी बादलीही मोठ्या टाकीसारखी वागू लागते. दुसऱ्याच संध्याकाळी तापमान 31 वर गेलं. मामा गोधडीकडे बघून म्हणाले, "यंदा पाणी कधी सोडायचं?"

"आजच," मी म्हटलं.