टिंब कुठं लावायचं आणि आलेख का बिघडतो

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी फूट-इंचात जाहीर होते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅब या गणिताच्या सॉफ्टवेअरवर हात बसवायला कोल्हापुरात यापेक्षा चांगले आकडे नाहीत. (खाली नावं मराठीत लिहिली आहेत, प्रोग्रॅममध्ये ती रोमन अक्षरांतच टाकावी लागतात.)

पहिली गडबड आकडे भरतानाच होते. ३९ फूट ५ इंच म्हणजे ३९.५ नव्हे, साधारण ३९.४२. आणि ३९ फूट ११ इंच कुणी ३९.११ असं भरलं, की पाणी चढत असताना आलेखात नदी उतरते! फूट आणि इंच वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि फूट + इंच/१२ करा. १२ हा एकटा आकडा असल्यामुळे इथं साधा भागाकार चालतो, चिन्हाआधी टिंब (./) नको. मीटर करायला ०.३०४८ नं गुणतानाही टिंब लागत नाही.

खरी अडचण दोन अ‍ॅरे (आकड्यांच्या रांगा) समोरासमोर आले की. नदीच्या काटछेदाचे (पात्राच्या आडव्या कापाचे) सहा भाग पाडले. क्षेत्रफळं एका आडव्या अ‍ॅरेत, वेग दुसऱ्या आडव्या अ‍ॅरेत. क्षेत्र * वेग लिहिलं की एरर येते, कारण नुसता * म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार: पहिल्याचे कॉलम आणि दुसऱ्याच्या रो संख्येनं सारख्या हव्यात. इथं दोन्ही १×६ (१ रो, ६ कॉलम). प्रत्येक भागाचा विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी) हवा असेल तर क्षेत्र .* वेग; टिंबामुळे गुणाकार आकड्याला आकडा असा होतो.

एरर घालवायची म्हणून बरेच जण वेग' करून (' हे चिन्ह आडवा अ‍ॅरे उभा करतं) मोकळे होतात. मग सहा उत्तरांऐवजी त्यांची बेरीज, म्हणजे एकूण विसर्ग, एका आकड्यात मिळतो. तो हवाच असेल तर उत्तम. पण प्लॉट केला तर चौकट कोरी, कारण एका बिंदूची रेघ होत नाही.

त्याहून वाईट म्हणजे एरर न येणं. फाइलमधून वाचलेला कॉलम उभा असतो, ०:५ (० ते ५) असा बनवलेला अ‍ॅरे आडवा. या दोघांत .* केलं की ऑक्टेव्ह गुपचूप ६×६ चा तक्ता करतो (मॅटलॅबही, २०१६ ब या आवृत्तीपासून) आणि आलेखात एका रेघेऐवजी सहा रेघा येतात. पायथनच्या नमपाय लायब्ररीमध्ये * मुळातच घटकवार (आकड्याला आकडा) आहे, तरी (६,) आणि (६,१) अशा आकाराचे अ‍ॅरे एकत्र आले की हीच गत. भागाकारातही जपा: उभ्या अ‍ॅरेवर १/वेळ चालतं, पण ते समीकरण सोडवून भलतीच रो देतं. १./वेळ लिहा. उपाय साधा: वाचल्यावर लगेच प्रत्येक अ‍ॅरेला (:) लावून उभा करा आणि गुणण्याआधी साइझ छापून बघा.

प्लॉटची लांबी जुळत नसेल तर आधी मोजा. ०:२४ मध्ये २५ आकडे असतात, २४ नव्हे. पातळी तासाला किती चढली हे डिफनं (शेजारच्या आकड्यांतला फरक देणारं फंक्शन) काढलं तर उत्तरात एक आकडा कमी येतो, म्हणून वेळसुद्धा दुसऱ्या घटकापासून घ्या.

धोक्याची रेघ ओढायला वाय-अक्षावर नुसता ४३ दिला तर काही दिसत नाही. वेळेच्या साइझचा वन्स (सगळे १ असलेला अ‍ॅरे) घेऊन त्याला ४३ नं गुणा, आणि त्याआधी होल्ड ऑन लिहा. नाहीतर धोक्याची रेघ राहते आणि नदीच पुसली जाते.