घरची बिअर आणि बाटल्या भरण्याची घाई

लीड्समधील आमच्या मराठी मंडळींत घरी बिअर करणारे काही जण आहेत आणि सगळे मूळचे पुण्याचे असल्यामुळे प्रत्येकाचे शास्त्र अर्थातच वेगळे आहे. ब्रिटनमध्ये घरापुरती बिअर करण्यासाठी १९६३ पासून परवाना लागत नाही. ती विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा कोथरूड-सिंहगड रस्त्यावरील वाचकांनी पुढील मजकूर केवळ माहिती म्हणून वाचावा.

पिंपात बिअर आंबेपर्यंत सहसा कोणाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते बाटल्या भरताना, आणि त्याच्या मुळाशी बहुधा घाईच असते. एअरलॉकमधले (पिंपातला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले, असे धरून चालणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. बिअरची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा सलग दोन-तीन दिवस जागचा हलला नाही, तरच बाटल्यांना हात लावावा. आमच्यातील एकाने, शनिवार मोकळा आहे एवढ्याच कारणावरून, आकडा १.०१४ वर असताना बाटल्या भरल्या. ती बिअर १.०१० पर्यंत उतरायची होती. फरक दिसायला किरकोळ, परंतु तेवढ्या शिल्लक साखरेतून निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड हा बाटल्या भरताना फेसासाठी मुद्दाम घातलेल्या साखरेच्या वायूइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, असतो. पहिली बाटली उघडताच निम्मी बिअर सिंकमध्ये वाहून गेली आणि त्याच रात्री जिन्याखालच्या कपाटात दुसरी फुटली. उरलेल्या बाटल्यांची झाकणे त्याने जाड हातमोजे आणि चष्मा चढवून एकेक करून सैल केली.

फेसाच्या साखरेतही अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. वीस लिटरला साधारण १२० ग्रॅम डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) पुरतो; घरातली साखर घेतल्यास थोडी कमी लागते. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकणाऱ्याची एक बाटली सपक, तर शेजारची उसळती निघते. त्यापेक्षा साखर थोड्या पाण्यात उकळून, गार करून, निर्जंतुक केलेल्या बादलीत आधी ओतावी आणि तिच्यावर नळीने बिअर सोडावी. नळीचे तोंड तळाशी टेकलेले हवे, कारण वरून धार पडली की हवा मिसळते आणि काही आठवड्यांत बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बाटल्या तपकिरी घ्याव्यात. फिरवून उघडायच्या झाकणांच्या पातळ बाटल्या मात्र अजिबात वापरू नयेत.

भरलेल्या बाटल्या दोन आठवडे २० अंशांच्या आसपास ठेवाव्या लागतात. येथील तळघरात हिवाळ्यात यीस्ट गारठून सुस्तावते, बिअर सपक राहते आणि साखर कमी पडली असे समजून काही जण झाकणे काढून आणखी साखर घालतात. तसे न करता बाटल्या ऊबदार खोलीत आणून, तळाशी बसलेले यीस्ट हलकेच ढवळले जाईल इतपत उलटसुलट कराव्यात आणि आणखी दोन आठवडे त्यांच्याकडे फिरकू नये.