एका एक्स-रेसाठी तीनदा उपाशी

गोव्यात डिचोलीला आमच्या वाड्यावर पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की शेरू चारही पायऱ्या एका उडीत पार करून फाटकाशी हजर. गेल्या पावसाळ्यात तो व्हरांड्यातूनच शेपटी हलवायला लागला. नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, वय झालं म्हणून मी सोडून दिलं. उठताना दहा पावलं आखडून चालायचा, मग सुरळीत. खूण हीच होती. कण्हत नाही म्हणजे दुखत नाही, असं मी धरून चालले. मागच्या गुडघ्यावरचे केस चाटून चाटून तांबूस झाले होते, तेही दिसले नाहीत.

गावच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. गोचिडतापातही सांधे धरतात आणि आपल्याकडे गोचिडी काय कमी! रिपोर्ट चांगला आला. मग म्हणाले, कमरेचा एक्स-रे काढून आणा.

इथून माझं डोकं फिरलं. भूल द्यायची म्हणून रात्रीपासून पोट रिकामं हवं. टॅक्सीवाले कुत्रा म्हटल्यावर फोनच ठेवतात, पायलटच्या (भाड्याच्या मोटरसायकलच्या) मागे अडतीस किलो कसे बसवणार? शेवटी शेजाऱ्यांचा टेम्पो घेतला. (चढवायला एक फळी न्या. आम्ही पहिल्यांदा उचलला, बिचारा केकाटला.) एक्स-रे काढतात त्या जनावरांच्या दवाखान्यात आदल्या दिवशी फोन करून गेलो होतो, तरी खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "आयज ना, फाल्यां येयात." म्हणजे आज नाही, उद्या या. एक्स-रेवाला रजेवर. मग कालच्या फोनवर 'या' कोणी म्हटलं? उत्तर नाही. दुसऱ्या खेपेला एक्स-रेवाला होता, भूल देणारे डॉक्टर लसीकरणाला बाहेर. शेरू पुन्हा उपाशी. परत येताना टेम्पोत माझ्या पिशवीकडे टक लावून बसलेला. तिसऱ्या खेपेला दोघेही होते, पण केसपेपर जुना झाला म्हणून नवा काढा, त्याची रांग वेगळी. एक वाजायला आला तेव्हा मी आवाज चढवला. लाज वाटली, पण आत घेतलं. काम वीस मिनिटांचं! फिल्म सही होऊन नंतर मिळणार होती, म्हणून मी पडद्याचाच मोबाइलवर फोटो काढला. तुम्हीही काढा.

फोटो बघून डॉक्टर म्हणाले, दोन्ही खुब्यांचा संधिवात. बरा होत नाही, आटोक्यात राहतो. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक सुरू झालं, पोटात अन्न असतानाच द्यायचं. उलटी किंवा काळी शी झाली तर बंद करून लगेच फोन. मधूनमधून यकृत-मूत्रपिंडासाठी रक्ततपासणी. शेजारच्या काकी म्हणत होत्या, आमच्या गुडघ्याची अर्धी गोळी दे. चुकूनही नको! आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात.

पण खरा फरक वजनाने पडला. पोदेराचे दोन पाव रोज शेरूचे असायचे, ते बंद केले. अडतीसचे चौतीस किलो झाले, याचा मला भारी अभिमान आहे. गुळगुळीत फरशीवर काथ्याची पायपुसणी टाकली, पाय घसरायचे थांबले. रविवारी मयेच्या तळ्यावर एकदम तासभर फिरवण्याऐवजी आता रोज तीनदा पंधरा मिनिटं, दोरी लावून. नखंही वाढू देऊ नका, हे आधीच सांगायला हवं होतं.

फिल्म अजून तिथेच आहे. परवा फोन केला. फाल्यां येयात म्हणाले.