एरो यांच्या चित्रांसमोर एक गुरुवार

2022 च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या पर्यटकांचा एक गट घेऊन मी आइसलँडला गेलो होतो. एका गुरुवारी रेक्याविकच्या जुन्या बंदरातून व्हेल पाहायला निघणारी आमची बोट जोराच्या वाऱ्यामुळे रद्द झाली आणि मोकळा पडलेला वेळ सत्कारणी लावणे हे सहल-व्यवस्थापक म्हणून माझे काम झाले. बंदराच्या कोठारांसाठी 1930 च्या दशकात बांधलेली आणि 2000 सालापासून रेक्याविक कला संग्रहालयाकडे असलेली हाफ्नारहूस ही इमारत तेथून पायी काही मिनिटांवर आहे. तेथे एरो यांच्या आयुष्यभराच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन लागले होते.

एरो यांचे मूळ नाव ग्वुदमुंडुर ग्वुदमुंडसोन. 1932 साली ओलाफ्सविक या गावात जन्मलेल्या या चित्रकाराचे वास्तव्य 1958 पासून पॅरिसमध्ये आहे. मात्र 1989 साली त्यांनी सुमारे दोन हजार कलाकृती रेक्याविक शहराला दिल्या, त्यामुळे त्यांची सारी वाटचाल पाहायला याहून योग्य जागा नाही.

आमच्या गटात सत्तरी ओलांडलेले एक काका होते. तरुणपणी ते मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवत असत. बाकीची मंडळी पुढे सरकली तरी ते एका भिंतभर चित्राच्या कडेला वाकून, रंगाला रंग जिथे भिडतो त्या रेषा न्याहाळत उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "आम्ही फोटोवर चौकटी आखून तो मोठा करायचो. यांनी चौकटी आखलेल्या नाहीत. दिव्याने चित्र कॅनव्हासवर टाकलं असणार." मी दालनातल्या कर्मचारी बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी दुजोरा दिला. मासिके, कॉमिक्स, जाहिराती आणि प्रचारपत्रके यांतून कापलेल्या चित्रांचे एरो आधी चिकटचित्र करतात, मग ते प्रक्षेपकाने कॅनव्हासवर पाडून रंगवतात. मी चार पुस्तके वाचून गेलो असतो तरी हे मला नुसत्या डोळ्यांनी ओळखता आले नसते.

त्यानंतर काकांनीच आम्हाला प्रदर्शन दाखवले, असे म्हटले पाहिजे. सुरुवातीच्या चित्रांत कुंचल्याचा जोर आणि रंगाचा जाड थर दिसतो. पुढे यंत्रांचे भाग आणि मानवी चेहरे यांची सरमिसळ येते. आणि 1960 च्या दशकापासून हात जणू जाणूनबुजून मागे सरतो आणि रंग छापल्यासारखा सपाट होतो. चित्रकाराचे कसब तेव्हापासून कोणते चित्र कोणाशेजारी ठेवायचे या निवडीत राहते. हा प्रवास एकेकटे चित्र पाहून कळत नाही. पन्नास-साठ वर्षांचे काम ओळीने समोर असावे लागते.

1970 च्या दशकातल्या चिनी मालिकेपाशी इतिहासाच्या एक निवृत्त शिक्षिका थबकल्या. पाश्चात्त्य शहरांच्या प्रसिद्ध स्थळांसमोर चिनी प्रचारपत्रकांतला हसरा माओ उभा होता. "पण माओ सोव्हिएत संघाखेरीज परदेशी कुठे गेलाच नव्हता," बाई म्हणाल्या, आणि गटातल्या सगळ्यांना त्यांनी ते पुन्हा समजावून सांगितले. दोन्ही बाजूंची चित्रे खरी दिसतात आणि त्यांची भेट मात्र कधीच झालेली नसते, ही या मालिकेची ताकद मला त्यांच्यामुळे उमगली. कॉमिक्समधल्या पात्रांनी खच्चून भरलेली नंतरची काही चित्रे मात्र मला थकवणारी वाटली. तेथे नजरेला टेकायला जागाच उरत नाही.

गुरुवारी हे संग्रहालय रात्री दहापर्यंत उघडे असते. जेवण उरकून काका आणि बाई पुन्हा जायचे म्हणाले, म्हणून मीही सोबत गेलो. काकांच्या मते माणूस खरा चित्रकार दिसतो तो पहिल्या दालनात. बाईंच्या मते तो माओपाशी सुरू होतो. हॉटेलच्या वाटेवर दोघांचा वाद चालूच होता, आणि मी बाईंच्या बाजूने बोललो.