सिस्टर, तुम्हाला काय कळतं राजकारणातलं

आज आईला ड्रेसिंगला घेऊन गेले होते. सिस्टर बँडेज सोडता सोडता महापालिकेच्या वॉर्डातल्या तुंबलेल्या गटाराबद्दल बोलत होत्या, एकदम मुद्देसूद, कुठल्या गल्लीत पाणी भरतं, चेंबर कुठे फुटलंय सगळं. तेवढ्यात शेजारच्या बेडवरचे काका म्हणाले, "सिस्टर, तुम्ही पट्टी करा, राजकारण तुम्हाला काय कळतंय!"

त्या हसल्या फक्त. आणि पट्टी जरा जास्तच घट्ट आवळली बहुतेक, कारण आई "हळू गं बाई" म्हणाली 😄

मला मात्र घरी येईपर्यंत ते वाक्य टोचत राहिलं. अहो काका, किशोरीताई पेडणेकर कोण होत्या आधी? नर्सच ना! २००२ ला पहिल्यांदा नगरसेविका झाल्या आणि २०१९ मध्ये थेट मुंबईच्या महापौर. एप्रिल २०२० मध्ये कोरोना ऐन भरात असताना नर्सचा युनिफॉर्म घालून नायर हॉस्पिटलला गेल्या होत्या तो फोटो आठवतोय का? त्यांचा पक्ष पटो न पटो, ते सोडा.

मुंबईत २२७ वॉर्ड आणि त्यातले निम्मे बायकांसाठी राखीव, पण आरक्षणाची सोडत निघाली की आधी चर्चा कुणाच्या मिसेसला उभं करायचं याचीच आणि बॅनरवर बाईंच्या फोटोपेक्षा साहेबांचा फोटो मोठा.

निघताना सिस्टरना म्हटलं, तुम्ही उभ्या राहा ना. तर म्हणाल्या, "सोयीची ड्युटी कोण लावून देणार मला?"