जहाजमालकाच्या दोन मागण्या

मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या अभिलेखागारात मी जुन्या कागदांची सूची करते. कागद हाताळताना आम्ही हातमोजे घालत नाही. हात धुऊन कोरडे केले की झिजलेली कड बोटांना कळते. मोज्यातून कळत नाही आणि कागद फाटतो.

परवा इथल्याच सेलम बंदरातल्या एका जहाजमालक घराण्याची पेटी उघडली. आधीच्या सूचीकारानं तिच्यावर एकच शेरा मारला होता : संरक्षणवादी, म्हणजे परक्यांवर जादा कर लावून देशी धंदा राखू पाहणारे. आतले कागद वाचायची तसदी घेतली असती, तर असं लिहिलंच नसतं.

हिशेबवहीत १७८९च्या टनेज कायद्याचे, म्हणजे जहाजाच्या टनांवर आकारायच्या बंदरकराचे दर आहेत. अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या जहाजाला टनामागे ६ सेंट, परक्या जहाजाला ५०. म्हणजे २५० टनांच्या जहाजाला १५ डॉलर आणि परक्याला १२५! शिवाय अमेरिकी जहाजातून आलेल्या मालाला जकातीत १० टक्के सूट. मालक यावर खूश.

पण याच मालकाचं १७९५चं पत्र संतापानं भरलेलं आहे. ब्रिटनबरोबरच्या ‘जे’ (Jay) कराराच्या बाराव्या कलमानं ब्रिटिश वेस्ट इंडीजमध्ये अमेरिकी जहाजांना शिरकाव दिला, तो फक्त ७० टनांपर्यंत. एवढ्याशा गलबतात त्याचा धंदा मावणार कसा? सिनेटनं ते कलम गाळलं. पुढे १८१५मध्ये काँग्रेसनं परस्पर सवलतीचा कायदा केला : तुम्ही भेदभावाचे कर काढा, आम्हीही काढतो. त्याच वर्षीच्या ब्रिटनबरोबरच्या करारात कलकत्ता, मद्रास, पेनांगबरोबर मुंबईचंही नाव आहे; तिथून भरलेला माल मात्र अमेरिकेतच उतरवायचा. मी मुंबईची, त्या पानावर बराच वेळ रेंगाळले.

तळाशी मुलाच्या अक्षरातला अर्जाचा मसुदा होता. ब्रेमेन-हॅम्बुर्ग या जर्मन बंदरांशी झालेल्या १८२७च्या करारानंतर तिथली जहाजं आपलं भाडं पळवतात, तेव्हा जुना जादा कर परत लावा, अशी विनंती. बापाला दुसऱ्यांची बंदरं उघडी हवी होती, मुलाला स्वतःचं राखीव हवं होतं. मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. आपल्या जहाजाचा खण मालानं भरलेला असावा, एवढंच दोघांनाही हवं होतं. फरक पडला तो समोर स्वस्त जहाज कोणाचं होतं यानं.

हे वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, “संशोधकांना शोधायला एकच शब्द लागतो.” आमच्या प्रणालीत मुख्य विषयाला खरोखरच एकच रकाना आहे. संशोधक त्या एका शब्दावर विसंबून पेटी मागवतात किंवा सोडून देतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. म्हणून जुना शेरा खोडला आणि वर्णनात १७८९, १७९५, १८१५, १८२७ ही चारही वर्षं सविस्तर लिहिली. मुख्य विषय अजून भरलेला नाही.