जिप्सीच्या मागून येणारा ठकठक आवाज, शोधता शोधता

माझ्याकडे 2007 ची मारुती जिप्सी आहे, सॉफ्ट टॉप, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्शनवालं पेट्रोल इंजिन), सेकंड हँड घेतलेली. राहतो अमळनेरला अन् शेत तापीच्या अंगाला, त्यामुळे अर्धा रस्ता डांबरी आणि अर्धा काळ्या मातीचा, जो पावसाळ्यात चिखल असतो आणि उन्हाळ्यात नुसती वाळलेली चाकोरी. गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे पाटेच आहेत, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या थराची स्प्रिंग, कॉइल स्प्रिंगचा संबंधच नाही, म्हणजे मागच्या बाजूला भानगड करायला तसे मोजकेच पार्ट. तरी आवाज सापडेना.

आवाज असा होता की गाडी रिकामी असताना, वीस-तीसच्या स्पीडला, बारक्या बारक्या खड्ड्यांवर मागून ठक... ठकठक. कोरडा, लोखंडी. आणि मोठ्या स्पीड ब्रेकरवरून हळू नेली तर काहीच नाही, अगदी शांत. मागे खताच्या दोन-चार गोण्या टाकल्या तरी आवाज जवळपास गायब. हे दोन मुद्दे नीट लक्षात ठेवा, पुढे सगळा उलगडा यातूनच झाला, पण तेव्हा जो तो म्हणायचा की शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) गेले, टाक नवीन.

आता उघड्या गाडीची एक वेगळीच गंमत असते. बंद गाडीत आवाज फ्लोअरमधून, चाकाच्या खाचेतून येतो आणि दिशा थोडीतरी कळते. हूडवाल्या, म्हणजे कापडी छताच्या गाडीत कापड काही अडवत नाही, खालचा आवाज बाहेरून वळसा घालून वरूनही कानात येतो, आणि त्यात हूडचे पाइप, बकल, मागच्या फाटकावर लटकलेली स्टेपनी, सीटखालचा जॅक, हे सगळे आपापला ताल धरतात. हूड चढवलेलं असताना मला शपथेवर आवाज उजवीकडून वाटायचा, हूड काढून फिरवली तर डावीकडून. म्हणून सस्पेन्शनला हात लावायच्या आधी गाडी सोलून काढली. हूड काढलं, पाइप काढून घरी ठेवले, जॅक-पाना-टॉमी सगळं बाहेर, स्टेपनी उतरवली, फाटकाच्या लॅचमध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून बसवला म्हणजे फाटक हलायला नको. यात दोन-तीन फालतू आवाज गेले आणि जो राहिला तो निदान एकटा राहिला. माझ्या मते उघड्या गाडीत अर्धं काम इथंच होतं, लोक हे सोडून डायरेक्ट खाली घुसतात.

मग भाच्याला मागच्या बाकावर बसवलं, तो म्हणे मामा, माझ्या बुडाखालूनच येतोय. दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसवलं, तिथंही तेच. चेसिस म्हणजे लोखंडाची लांब चौकट, एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पोचतो, त्यामुळे माणसाच्या कानावर फार भरवसा ठेवून चालत नाही.

शॉकअपचं पण सांगतो. बंपर दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची जी टेस्ट सगळे करतात ना, ती पाट्याच्या गाडीत फारशी कामाची नाही, कारण पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानंच गाडी लवकर शांत होते, शॉकअप मेलेला असला तरी. मी सरळ मागच्या दोन्ही शॉकअपचा खालचा बोल्ट सोडला, शॉकअप वर दाबून तारेनं बांधून टाकला आणि आमच्या मागच्या रिकाम्या गल्लीत पायी चालण्याच्या स्पीडनं एक चक्कर मारली. गाडी होडीसारखी डुलते, म्हणून हे रोडवर अजिबात करू नका. आवाज जसाच्या तसा. म्हणजे शॉकअप पण संशयातून सुटला आणि त्याचे बुश, म्हणजे जोडावरचे रबर, ते पण सुटले, एक रुपया खर्च न करता.

ब्रेकचा प्रकार पण बघून घेतला. गाडी पुढे घेऊन झटकन ब्रेक, मग रिव्हर्स घेऊन ब्रेक. यू बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे) ढिले असतील किंवा प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेला असेल तर अशा वेळी एकच ठसठशीत ठोका येतो. इथं तसलं काही नव्हतं.

यानंतरचा जुगाड भाच्याचा. दोन जुने मोबाइल, रेकॉर्डिंग चालू करून पायमोज्यात घातले, एक डाव्या पाट्याच्या पुढच्या डोळ्याजवळ (पाट्याच्या टोकाची गोल गुंडाळी, जिथून बोल्ट जातो) चेसिसला, दुसरा त्याच पाट्याच्या मागच्या शॅकलजवळ (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी), केबल टायनं आवळून. सायलेन्सरपासून लांब ठेवायचे आणि फिरणाऱ्या कुठल्याच पार्टला लागणार नाहीत असे. त्याच रस्त्यावरून त्याच स्पीडनं चक्कर मारली, मग मोबाइल उजव्या बाजूला लावून परत. घरी येऊन ऐकलं तर डाव्या शॅकलजवळच्या मोबाइलमध्ये ठोका इतका जवळचा की बाकीचे तिन्ही त्याच्यापुढे पुसट. कानाला जे जमेना ते पायमोज्यानं केलं.

ते घेऊन एका गॅरेजला गेलो. त्यांनी चेसिसला जॅक लावून मागची बाजू उचलली, चाकं लोंबकळत, शॅकलला टॉमी लावून ढोसलं आणि सांगितलं की काही प्ले नाही, टाइट आहे. मी त्याचा व्हिडिओ काढून ठेवला होता. पुढे धुळ्याला काम निघालं तेव्हा हायवेच्या बाजूला ट्रकच्या पाट्यांचं काम करणारे आप्पा नावाचे एक म्हातारे मिस्तरी आहेत, त्यांना दाखवला. मुंबई-आग्रा आणि सुरतेकडून नागपूरला जाणारा असे दोन्ही हायवे धुळ्यात भेटतात, त्यामुळे पाट्याचं काम बघावं तर तिथंच. आप्पांनी व्हिडिओ अर्धवटच बघितला अन् म्हणाले, "भाऊ, गाडी हवामा लटकेल शे. खाले लावा पह्यले."

मुद्दा एवढाच होता. चाकं लोंबकळत असली की ॲक्सल आणि चाकांचं सगळं वजन शॅकलला एकाच दिशेनं खेचून धरतं, बुश एका बाजूला दाबला जातो आणि ढिला असला तरी टाइट वाटतो. गाडी चाकांवर उभी पाहिजे. आप्पांनी ती खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली, दोघा पोरांना मागच्या बंपरवर उभं करून झटके द्यायला लावले आणि स्वतः खाली उतरून शॅकलच्या पट्टीवर अन् चेसिसच्या ब्रॅकेटवर मिळून एक बोट ठेवलं. मग माझं बोट तिथं ठेवलं. टिचकी मारावी तसा झटका बोटाला लागत होता, दर वेळी, गाडी वर उसळताना. उजवीकडे तसलं काही नाही. टॉर्च मारून बघितलं तर पट्टीच्या आतल्या बाजूला घासून चकाकलेली कडी आणि खाली रबराचा काळा भुगा.

डाव्या शॅकलचा वरचा, म्हणजे चेसिसकडचा बुश. खोलल्यावर रबर चिरलेलं आणि भोक गोल न राहता लांबट झालेलं. आता सुरुवातीचे दोन मुद्दे आठवा. गोण्या टाकल्या की वजनानं शॅकल एका बाजूला दाबून राहतो, मोकळ्या जागेत आपटायला त्याला संधीच नाही. मोठ्या ब्रेकरवर हळू गेलं तर जोर सावकाश बदलतो. बारीक खड्ड्यावर मात्र रिकामी गाडी पटकन खाली-वर होते, जोराची दिशा उलटते आणि बोल्ट त्या लांबट भोकात इकडून तिकडे आदळतो. शॉकअप गेला असता तर एवढं सगळं असं तंतोतंत बसलं नसतं.

हा बुश तसा जुना नव्हता, आधीच्या मालकानं बदलल्याचं मला सांगितलं होतं. आप्पांचं म्हणणं, बदलणाऱ्यानं गाडी जॅकवर असतानाच नट फुल टाइट केला असणार. रबर त्या लोंबकळत्या पोझिशनमध्ये आवळलं जातं, गाडी खाली आली की शॅकल फिरतो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं, वर प्रत्येक खड्डा त्याला अजून पीळ देतो, मग ते फाटणारच. आणि पाट्याची करकर थांबवायला आपल्याकडे जळालेलं ऑइल फासतात, ते बुशपर्यंत गेलं की साधं रबर फुगून मऊ पडतं. माझ्या पाट्यांवर त्याचा चांगला थर होता, त्यावर काळ्या मातीचं लिंपण.

बुश दोन्ही बाजूंचे सगळे बदलले, पुढच्या डोळ्यातले पण. एका बाजूचे नवे अन् दुसरीकडचे जुने ठेवण्यात अर्थ नाही, रबराची किंमत मजुरीपुढे काहीच नसते. खरा वेळ गंजून बसलेल्या बोल्टनं खाल्ला. रात्रभर डिझेल मुरवत ठेवला तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी ठोकून निघाला, आणि मी मधल्या वेळात शेवभाजी खाऊन धुळ्यातच मुक्काम केला. पाटे मोकळे होतेच म्हणून मेन पाट्याला डोळ्याजवळ तडा आहे का, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सरकलाय का, हेही बघून घेतलं. नवे बुश ऑइल न लावता साबणाच्या पाण्यानं बसवले. नट आधी हातानं लावून ठेवले, गाडी चाकांवर उतरवली, पुढे-मागे ढकलली, झटके दिले, आणि गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर बसल्यावरच फायनल टाइट. परत आल्यावर तेच मोबाइल त्याच जागी लावून तीच चक्कर मारली, नुसता टायरचा अन् वाऱ्याचा आवाज.

यू बोल्ट उघडले असतील तर काहीशे किलोमीटर चालवून परत एकदा आवळा, नवे पार्ट बसतात तसे ते थोडे सैल पडतात, माझे पण पाव आटा फिरले. पॉलियुरेथेनचे बुश टाकू का असं मी आप्पांना विचारलं होतं. ते टिकतात जास्त, ऑइलनं खराब होत नाहीत, पण कडक असतात, प्रत्येक खडा गाडीत जाणवतो आणि ग्रीस सुकलं की चीं चीं करतात. आमचा रस्ता बघता मी रबरच घेतलं, आणि जळालेल्या ऑइलचा डबा शेतातल्या खोलीतून उचलून भंगारवाल्याला दिला.